पांढऱ्या पट्ट्यांवरची बोटं

कापणीच्या सणाला तीन आठवडे राहिले होते, तेव्हा मास्तरीणबाईंचा फोन आला. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात महिला मंडळाच्या गाण्यांचं त्या बघतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण फोनवरही त्या मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशाच बोलतात.

"अगं, यंदा भाऊंचं कापणीचं गाणं घ्यायचं ठरलंय. त्यांच्या पेन ड्राईव्हवर आहे ना ते? ते लावू आणि आपण सगळ्या त्यावर म्हणू. तबलेवाले फक्त पट्टी विचारतायत. त्यांना त्याप्रमाणे तबला आणावा लागतो."

"बघते," मी म्हणाले. फोनवर माझं बोलणं एवढंच असतं.

भाऊ म्हणजे आमचे हे. लष्कराच्या वर्कशॉपात त्यांनी नोकरी केली आणि भिंगारच्या देवळात वीस वर्षं रविवारी कीबोर्ड वाजवला. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. तेव्हापासून देवळात पुढच्या कोपऱ्यातली त्यांची खुर्ची तशीच आहे. तिथं कोणी बसत नाही आणि ती कोणी उचलतही नाही. कीबोर्ड मी घरी आणला आणि माझ्या जुन्या साडीचं कव्हर शिवून त्यावर घातलं.

कापणीच्या गाण्याचे शब्द माझ्या वडिलांचे आणि चाल ह्यांची. वडील गेल्यावर त्यांच्या वहीत ते गाणं सापडलं होतं. ह्यांनी त्याला चाल लावली, कीबोर्डात भरून ठेवली, पण देवळात म्हणायची राहून गेली. आज म्हणू, उद्या म्हणू, असं करता करता हे आजारी पडले. त्यामुळं मास्तरीणबाईंचा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथंच उभी होते. ते गाणं एकदा चारचौघांत म्हटलं जावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती.

पट्टी म्हणजे काय ते मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. आमचं गाव तिसगावजवळचं. वडील गावच्या देवळात पेटी वाजवायचे. त्यांना दोन्ही हातांनी वाजवायची हौस, म्हणून मागं उभी राहून भाता मी मारायची. गाण्याचा सा ज्या पट्टीवर धरायचा ती त्या गाण्याची पट्टी. कोणाची पांढरी चार, कोणाची काळी एक. गावातल्या प्रत्येक माणसाच्या आवाजाची पट्टी वडिलांना पाठ होती. "आमच्या पोरीचा आवाज काळी चारचा," असं ते सांगायचे. मी चौथीनंतर शाळा सोडली, कारण पुढची शाळा तिसगावला होती आणि घरी धाकटी भावंडं होती. पण भाता मारायचं काम लग्न होईपर्यंत माझ्याकडंच राहिलं.

गाण्याची चाल ओठांवर होती. पण पेन ड्राईव्हवर ती कोणत्या पट्टीत आहे हे मला सांगता येत नव्हतं. घरात ते लावायला काही नव्हतं. कीबोर्डाला तो जोडतात हे ठाऊक होतं, पण ह्यांच्या मागं मी कव्हर काढलंच नव्हतं.

शनिवारी मुलगी आली. ती जामखेडला एका शाळेत संगणक शिकवते. जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि पेन ड्राईव्ह लावला.

"आई, ह्या मिडी फायली आहेत."

"मंजी?"

"ह्यात आवाज भरलेला नसतो. बाबांनी कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, किती वेळ धरली, एवढंच लिहिलेलं असतं. ते वाचून आवाज आपलं यंत्र काढतं."

"मंजी आवाज न्हाई, बोटं हायत."

"हो. तसंच म्हण."

तिनं फाईल उघडून दाखवली. डाव्या कडेला पेटीच्या पट्ट्यांचं उभं चित्र होतं आणि त्याच्यासमोर लहानमोठ्या आडव्या रेघा, गोधडीला घातलेल्या धावदोऱ्याच्या टाक्यांसारख्या. कुठं आखूड टाका, कुठं लांब. मी चष्मा लावून जवळ गेले. एक टाका बाकीच्यांपेक्षा फारच लांब होता.

"इथं बाबा चुकले वाटतं," मुलगी म्हणाली. "ठेक्याचा एक पूर्ण फेरा जास्त धरलाय."

तो टाका मी ओळखला.

मग तिनं पट्टी ओळखणारी सॉफ्टवेअरं काढली. तिनं सांगितलं की ती सगळे सूर मोजतात, कोणता किती वेळा येतो आणि किती वेळ टिकतो ते बघतात आणि त्यावरून पट्टी सांगतात. पहिल्यानं सांगितलं पांढरी एक. दुसऱ्यानं सांगितलं पांढरी सहा. तिसऱ्याला तिनं गंमत म्हणून नुसत्या ठेक्याची फाईल दिली, तर त्यानं तिलाही एक पट्टी सांगून टाकली.

"ढोलकीला पट्टी सांगतंय व्हय," मी म्हणाले. "आता खलबत्ता ऐकव त्याला."

मुलगी लई हसली. माझ्यासारखीच हसते ती, तोंडावर पदर नसला तरी हात धरते.

"पण आई, पहिल्या दोघांतलं खरं कोणतं? दोन्हीकडं सूर तेच लागतात, सगळे पांढरे. म्हणून त्यांचा गोंधळ होतोय."

"शेवट वाजव एकदा."

तिनं वाजवला. मी डोळे मिटून ऐकला.

"पांढरी एक. सहावर गाणं दारात उभं ऱ्हातं. एकवर घरात येऊन बसतं."

मग मुलीनं मास्तरीणबाईंना माझ्या नावानं कळवून टाकलं, पांढरी एक.

ही माझी चूक झाली. फाईल पांढरी एकची होती हे खरं. पण गाणं कोणत्या पट्टीत जन्मलं ते मला माहीत होतं, आणि दोन्ही एकत्र धरून बघायचं मला सुचलं नाही. यंत्रानं सांगितलं, माझ्या कानानंही तेच सांगितलं, म्हणून मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर आम्ही चौदा-पंधरा बाया देवळात थांबलो. मुलीनं लॅपटॉप स्पीकरला जोडला. तबलेवाले पांढरी एकचा तबला लावून बसले. मी नेहमीसारखी मागच्या ओळीत, खांबाच्या आडोशाला.

धृपद कसंबसं निघालं. कडवं वर चढायला लागलं तसे एकेकीचे आवाज तुटले. पुढच्या ओळीतली एक ओरडली, "बाई गं, माझा गळा फाटतोय!" दुसरी म्हणाली, "हे कापणीचं गाणं हाय का कापलेल्याचं?" सगळ्या हसल्या. तबलेवाल्यांनी हात थांबवला.

"बाई, मला पट्टी एकदा पक्की सांगा," ते मास्तरीणबाईंना म्हणाले. "तबला काय रबराचा नाही, ओढला की वर आणि सोडला की खाली."

मास्तरीणबाईंनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, त्यांचाही आवाज फुटला. त्यांनी चष्मा काढला.

"भाऊंनी हे पुरुषांच्या वरच्या आवाजाला धरून केलेलं दिसतंय. बायकांचा विचार काही केला नाही त्यांनी. पुढच्या रविवारी एकदा बघू. नाही जमलं तर दरवर्षीचं गाणं घेऊ, ते काय पाठच आहे."

मी खांबाला टेकून उभी होते. बायकांचा विचार केला नाही, हे शब्द माझ्या कानात राहिले. ते गाणं माझ्याच आवाजावर बेतलं होतं. ते कीबोर्डात भरलं त्या दिवशी मी चुलीपुढं भाकरी करत होते आणि हे दारात कीबोर्ड मांडून बसले होते. "तू नुसतं गुणगुण, सूर मी धरतो," म्हणाले होते. एवढं मला तिथं सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण पंधरा बायांचे डोळे आपल्याकडं वळतील या भीतीनं मी ते मिटलं.

घरी आल्यावर मी कीबोर्डावरचं कव्हर काढलं. मुलगी बॅग भरत होती, तिला संध्याकाळची एसटी धरायची होती. मी बटण चालू केलं आणि पांढरी एक दाबली. तो माझा सा नव्हता. फार वर होता.

आणि मला तो आवाज आठवला. हे वाजवायला बसले की आधी एका लहान बटणावर बोट ठेवायचे. टक, टक, टक, टक. मंडळातल्या बाया गाणार असल्या की चारदा. देवळाचे पाळकसाहेब एकटे गाणार असले की शेजारच्या बटणावर एकदाच. तेवढं झालं की खिशातला रुमाल काढून कीबोर्डाच्या उजेडाच्या छोट्या खिडकीवर टाकायचे. धूळ बसू नये म्हणून टाकतात, असं मी समजायची. इतकी वर्षं तो रुमाल मीच धुतला.

मी चारदा बटण दाबलं. खिडकीत आडवी रेघ आणि तिच्यापुढं चार असा आकडा आला. मग तीच पांढरी एक दाबली.

माझा सा आला. अगदी माझा.

"आगं, इकडं ये," मी मुलीला हाक मारली. ती आली, तिनं खिडकी पाहिली, दोन्ही गालांवर हात ठेवले.

"आई! बाबा पांढरी एकवरच वाजवायचे आणि बटणानं आवाज खाली घ्यायचे. म्हणून फाईलमध्ये पांढरी एक लिहिलंय. बोटं तिथं होती, आवाज इथं होता."

मी पट्ट्यांवर बोट ठेवत डावीकडं मोजलं. पांढरी सात, काळी पाच, पांढरी सहा, काळी चार. चार घरं. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला विचारलं होतं तेवढंच त्यानं सांगितलं.

तिनं बाकीच्या फायली भराभर उघडल्या. नाताळाची, लग्नाची, पुनरुत्थानाच्या सणाची. सगळ्या पांढरी एक. एकाही फायलीत एकही काळी पट्टी नव्हती.

तेव्हा मला आमच्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. ह्यांनी आपला पहिला कीबोर्ड घेतला होता आणि त्याच्याबरोबर आलेल्या पुस्तकावरून आपले आपण शिकले होते. त्या पुस्तकातला पहिला धडा पांढऱ्या पट्ट्यांचा होता. दुसऱ्या धड्यापर्यंत हे गेलेच नाहीत. वडिलांपुढं वाजवून दाखवायला मोठ्या हौसेनं कीबोर्ड गावी नेला. वडिलांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "जावईबापू, काळ्या पट्ट्या काय शेजाऱ्याच्या हायत? हात लावीत न्हाई तुमी!" ओट्यावरचे सगळे हसले, हेही हसले. रुमाल त्यानंतर आला असावा.

भिंगारमध्ये तर ह्यांचं नाव झालं होतं. कोणीही कोणत्याही पट्टीत उभं राहावं आणि भाऊंनी लगेच तिथून सुरू करावं. मास्तरीणबाई नव्या पोरींना सांगायच्या, "भाऊंचा हात बघा, सगळ्या पट्ट्यांवर फिरतो."

मुलगी म्हणाली, "आता काम सोपं आहे. मी फाईलच चार घरं खाली सरकवते. दोन मिनिटं." आणि तिनं सरकवलीही. पट्टी ओळखणाऱ्याला विचारलं, तर त्यानं आता काळी चार सांगितलं. "झालं! ही लावायची. कोणाला काही सांगायलाच नको."

मी पडद्याकडं पाहिलं. टाके सगळे खाली गेले होते आणि त्यांतले बरेच आता काळ्या पट्ट्यांसमोर होते. ज्या पट्ट्यांना ह्यांनी जन्मात बोट लावलं नाही, त्यांच्यासमोर.

"हे ह्यांचे हात न्हाईत," मी म्हणाले.

"आई, ऐकायला तेच येणार."

"ऐकायला येईल. पर हात त्यांचे न्हाईत. पहिलं होतं तसं कर."

तिनं केलं. मग सावकाश म्हणाली, "मग कीबोर्डच देवळात न्यावा लागेल. फाईल त्याच्यात लावायची आणि बटण दाबायचं. तिथं सगळ्यांसमोर दाबावं लागेल. मास्तरीणबाई विचारणारच."

"विचारतील."

"बाबांनी इतकी वर्षं लपवलं, आई."

ती एसटीला गेली. तो आठवडा माझा त्याच विचारात गेला. फाईल सरकवली तर गाणंही होईल आणि ह्यांचं झाकलेलंही राहील. पण त्यात ह्यांची बोटं राहणार नाहीत, आणि बायकांचा विचार केला नाही हे ह्यांच्या नावावर तसंच राहील. उलट बटण दाबलं तर रुमाल मी काढल्यासारखा होतो. धुणं वाळत घालताना मला वाटायचं, सांगावं. भांडी घासताना वाटायचं, आपण कोण सांगणारे. मी प्रार्थना केली, पण असल्या गोष्टीचं उत्तर तिथून काही येत नाही. शुक्रवारी मी ह्यांचा तो रुमाल कपाटातून काढला, घडी केली आणि कीबोर्डाच्या पिशवीत ठेवला. का ठेवला ते तेव्हाही मला सांगता आलं नसतं.

रविवारी मुलीनं आणि मी कीबोर्ड रिक्षात घालून देवळात नेला. मुलीनं तो त्यांच्या खुर्चीपुढं मांडला आणि मी मागच्या ओळीत जाऊन उभी राहिले. मुलगी बटण दाबायला पुढं झाली.

"थांब," मी म्हणाले. "मी दाबते."

सगळ्यांच्या देखत मागच्या ओळीपासून त्या खुर्चीपर्यंत मी कधी चालत गेले नव्हते. पिशवीतल्या रुमालाला हात लागला. तो मी तिथंच राहू दिला आणि चारदा बटण दाबलं. टक, टक, टक, टक. देवळात ते मोठ्यानं ऐकू आलं.

"हे काय केलंस गं?" मास्तरीणबाई जवळ आल्या.

"काळी चार केली. ह्यांचं गाणं काळी चारचंच हाय."

"मग यंत्रानं पांढरी एक कसं सांगितलं? चुकलं ना? मी म्हणतच होते, असल्या यंत्रांचा भरवसा नाही."

चुकलं म्हणाले असते तर तिथंच मिटलं असतं. मास्तरीणबाईंनी ते माझ्या हातात आणूनच दिलं होतं.

"यंत्र न्हाई चुकलं, बाई. हे पांढरी एकवरच वाजवायचे. सगळी गाणी. दुसरं त्यांना येतच नव्हतं. बटण दाबून पट्टी बदलायचे."

तबलेवाल्यांनी मान खाली घालून हातोडी पुसायला घेतली.

"सगळी?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"सगळी."

"वीस वर्षं?"

"व्हय."

"आणि मी दर नाताळाला त्यांना कागदावर पट्ट्या लिहून देत होते! पहिलं गाणं काळी पाच, दुसरं पांढरी चार. ते आपले वाचायचे आणि बरं बरं म्हणायचे!"

"मग ते द्यायचे ना तुमाला ती पट्टी."

असं उलट उत्तर मास्तरीणबाईंनी माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असेल. मग त्या ह्यांच्या खुर्चीकडं वळल्या.

"द्यायचे बाई," त्या म्हणाल्या. "एकदा चुकले नाहीत."

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "आता बटणं मोजत बसायचं का गायचं?" आणि हसू फुटलं. मास्तरीणबाईंनी टाळी वाजवली, तशा सगळ्या ओळीत उभ्या राहिल्या. तबलेवाल्यांनी या खेपेला दोन तबले आणले होते. त्यांनी दुसरा काढला.

"आणि भाऊंनी ही पट्टी कोणासाठी धरली होती?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मुलीनंच सांगितलं, "आईसाठी."

"मग आई मागं काय करतेय? पुढं ये."

मी पुढच्या ओळीत उभी राहिले, कडेला. मुलीनं फाईल लावली. धृपद निघालं, कडवं चढलं, आणि कोणाचा आवाज तुटला नाही. दुसऱ्या कडव्यात तो लांब टाका आला. बाया पुढची ओळ म्हणायला निघाल्या, पण कीबोर्ड त्याच सुरावर थांबून होता. गोंधळ झाला.

"इथं भाऊंनी सूर का धरलाय गं?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "फेरा तर संपला."

"तिथं धरायचाच हाय," मी म्हणाले.

"एक फेरा जास्त देतो मी," तबलेवाले म्हणाले. "काही बिघडत नाही."

ह्यांना हे सगळं आवडलं असतं का, ते मला अजूनही सांगता येत नाही. कधी वाटतं, ते हसले असते, ओट्यावर हसले होते तसे. आणि ते हसणं तेव्हा खरं होतं की नव्हतं, हेही मी त्यांना कधी विचारलं नाही.

सणाच्या दिवशी वेदीपुढं बाजरीची कणसं, भोपळे, वांगी, कोणी कोंबडीही आणून ठेवली होती. पाळकसाहेबांनी खूण केली. मी खुर्चीजवळ गेले आणि चारदा बटण दाबलं. खिडकीत आडवी रेघ आणि चारचा आकडा उजेडात तसाच दिसत होता, ज्याला बघायचा त्यानं बघावा. मग ओळीत येऊन उभी राहिले.

दुसऱ्या कडव्यात तो सूर आला आणि आम्ही पंधरा जणींनी तो धरून ठेवला. मास्तरीणबाईंनी हात वर ठेवला होता, तबलेवाले जास्तीचा फेरा वाजवत होते. सगळं देऊळ त्या सुरावर थांबलं होतं. गाणं भरलं त्या दिवशी मी चुलीपुढं गुणगुणत होते आणि तव्यावर भाकरी करपायला आली, म्हणून मी मधेच गप्प झाले. ह्यांनी बोट उचललं नाही. मी भाकरी उलटवेपर्यंत ते तो सूर धरून बसले, आणि मी पुन्हा गुणगुणायला लागले तेव्हा पुढं गेले.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. मास्तरीणबाईंचा हात खाली आला आणि आम्ही पुढची ओळ उचलली.